पारसी, फारसी आणि वरची खोली

2025 च्या जूनमध्ये इस्रायल आणि इराणचं बारा दिवसांचं युद्ध चालू होतं, तेव्हा आईचा फोन आला. आधी पाऊस, मग गुडघे, मग शेजारच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट, असं सगळं नेहमीच्या क्रमानं सांगून झाल्यावर शेवटी तिनं हळूच विचारलं, "अरे, वरच्या खोलीतल्या पोराची आई बरी आहे ना? टीव्हीवर काय काय दाखवतायत."

वरची खोली म्हणजे आमच्या कोथरूडच्या घराची, गच्चीला लागून असलेली. ताई आणि वहिनी हे वाचत असतील तर त्यांना लगेच आठवेल. बाकीच्यांसाठी सांगतो. 2006 च्या जूनपासून 2008 पर्यंत त्या खोलीत एक इराणी विद्यार्थी राहायचा. त्या काळात पुण्यात इराणी मुलं खूप होती. हा पुणे विद्यापीठात एम.एस्सी. करत होता. त्याचं नाव लिहीत नाही, पण ते एका जुन्या सासानी राजाचं नाव होतं. आपल्याकडे रुस्तम, सोहराब, जमशेद, बहराम ऐकलं की जे वाटतं, तेच अण्णांना वाटलं.

तर झालं असं, की खोली बघायला तो आला तेव्हा अण्णांनी त्याला चहा दिला, दोन-चार प्रश्न विचारले आणि मग खुर्चीत पुढे सरकून विचारलं, "सो, यू आर पारसी?"

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "येस. पारसी."

झालं. खोली ठरली. अण्णा खूष. संध्याकाळी आईला सांगत होते, पारशी म्हणजे काय बघायला नको, सज्जन माणसं, शिवाय अल्पसंख्य असून कधी कुरकूर नाही वगैरे. ते वाक्य आज लिहितानाही मला कसंसंच होतंय, पण घरातलं आहे, लपवून काय करू? तो मुसलमान आहे असं कळलं असतं तर अण्णांनी 'कळवतो' म्हणून वाटेला लावलं असतं. हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि पुढे कळलं की त्यालाही ठाऊक होतं.

पहिले काही महिने फारच मजेत गेले. आमचं आडनाव '-नीस'नं संपणारं आहे. अण्णांनी ते त्याला फोड करून सांगितलं तर तो हसायलाच लागला. "नेवीस? म्हणजे लिहिणारा?" फारसीत लिहिण्याचं क्रियापद तेच. चिटणीस, फडणीस, पोतनीस, सबनीस, सगळे मुळात 'नवीस'. अण्णांना शिवाजी महाराजांच्या राज्यव्यवहारकोशाचा फार अभिमान. महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द करून घेतले ती गोष्ट आम्ही लहानपणापासून शंभरदा ऐकली आहे. त्या माणसाचं स्वतःचंच आडनाव फारसी निघावं! (त्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण तेहरान विमानतळावरून आलेल्या मुलानं चहा पिता पिता सांगणं वेगळं.)

मग तोही सुरू झाला. म्हणाला, आमच्याकडेही असाच एक माणूस होऊन गेला. फिरदौसी. अरबांनी इराण जिंकलं सातव्या शतकात. कादिसियाची लढाई साधारण 636 ची, नहावंद 642, आणि 651 मध्ये शेवटचा सासानी बादशहा यज्दगर्द तिसरा मर्वजवळ मारला गेला. त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी, 1010 मध्ये, तूसच्या या माणसानं शाहनामा पुरा केला. पन्नासेक हजार बेत, जुन्या इराणी राजांच्या आणि वीरांच्या कथा, आणि त्यात अरबी शब्द अगदी थोडे. इजिप्तची कॉप्टिक देवळापुरती उरली, सीरिया-इराकात अरामी बोलणारे मूठभर राहिले. सगळे अरबी बोलू लागले आणि आज ते स्वतःला अरब म्हणवतात. इराणनं लिपी घेतली, धर्म घेतला, पण बोलायचं फारसीतच ठेवलं.

हे का झालं, याबद्दल मी नंतर बरंच वाचलं. अरबस्तानापासूनचं अंतर हे एक कारण. जमिनीला धरून राहिलेले गावोगावचे छोटे जमीनदार, म्हणजे दिहकान, हे दुसरं. जुन्या कथा त्यांच्याच घरांत टिकून होत्या. आणि तिसरं म्हणजे पूर्वेकडे बुखाऱ्यात सत्तेवर आलेले सामानी राजे. हे मुसलमान होते, पण त्यांना फारसी कवी दरबारी हवे होते. कारकून हे चौथं कारण, आणि मला ते सगळ्यात आवडतं (आडनावाचा परिणाम असेल). राज्य कुणाचंही असो, हिशेब लिहायला जुनेच लोक लागतात. सातव्या शतकाच्या अखेरीस दफ्तर पहलवीतून अरबीत गेलं, पण लिहिणारे हात बऱ्याच अंशी तेच राहिले. त्यांच्यातलाच एक इब्न अल-मुकफ्फा. यानं आठव्या शतकात पहलवीतून अरबीत 'कलीला व दिम्ना' नेलं. म्हणजे आपलं पंचतंत्र! ते त्याआधी सहाव्या शतकात, खुसरो अनुशिर्वानच्या काळात, इराणात गेलं होतं. हे ऐकून अण्णांनी त्या दिवशी दुसरा चहा करायला लावला होता.

पण त्या गप्पांमध्ये एक गोष्ट मला तेव्हा खटकली नाही, ती आता खटकते. तो अरबांविषयी फार वाईट बोलायचा. आम्ही आर्य, ते वाळवंटातले, त्यांनी आमची पुस्तकं जाळली, आमच्या मुलुखाची वाट लावली. आणि अण्णा मान डोलवायचे. दोघंही आपापल्या मनातलं बोलत होते आणि दोघांना वाटत होतं की आपण एकच बोलतोय. मीही डोलवायचो.

मग मार्च 2007 आला.

इराणी नववर्ष, नौरोज, हे वसंतसंपाताच्या नेमक्या क्षणी लागतं. आपल्याकडे तिथी बदलते तसं, पण तिथे त्या सेकंदाला सगळं घर सजवलेल्या टेबलाभोवती जागं बसलेलं असतं. त्या वर्षी तो क्षण आपल्याकडे 21 मार्चच्या पहाटे पाच सदतीसला होता. आपला पाडवा नुकताच झाला होता. त्यानं आदल्या रात्री आईला विचारलं, खालच्या हॉलमध्ये मांडू का, वर जागा नाही. आई म्हणाली, मांड की.

पहाटे आम्ही सगळे उठलो. त्यानं 'हफ्त-सीन' मांडलं होतं. 'स'नं सुरू होणाऱ्या सात वस्तू. सीब म्हणजे सफरचंद, सीर म्हणजे लसूण, सिरका, सुमाक, समनू, आणि सब्जे म्हणजे ताटलीत उगवलेले गव्हाचे हिरवे कोंब. सातवं सिंजद नावाचं फळ पुण्यात कुठे मिळणार, म्हणून सिक्के ठेवले होते, आपली पाच रुपयांची नाणी. आरसा, मेणबत्त्या, रंगवलेली अंडी, काचेच्या बरणीत लक्ष्मी रोडवरून आणलेला एक सोनेरी मासा. आईनं ते गव्हाचे कोंब बघितले आणि म्हणाली, "अगंबाई, हे तर घटाचं धान!" आणि खरंच, नवरात्रात घटाखाली उगवतात ते आणि हे यात फरक काही नव्हता.

आणि मधोमध, आरशासमोर, हिरव्या कापडात गुंडाळलेलं एक पुस्तक होतं.

अण्णांनी विचारलं, "अवेस्ता?"

तो म्हणाला, "नाही. कुराण. आईनं दिलंय."

मला ती शांतता अजून आठवते. मेणबत्त्यांचा वास, पंख्याचा आवाज, आणि अण्णांचा चेहरा. त्यांनी काही म्हटलं नाही. उठून आत गेले. त्या मुलाचं तोंड असं झालं की बघवेना. घड्याळात पाच पस्तीस झाले होते. आई त्या टेबलाकडे बघत उभी होती. मग ती देवघरात गेली आणि ज्ञानेश्वरी वाचायला ठेवतात ती कात्रीसारखी उघडणारी लाकडी चौकट घेऊन आली. पुसली आणि त्याच्या हातात दिली. "अरे, धर्मग्रंथ असा खाली ठेवतात का?"

ती चौकट बघून तो चकितच झाला, कारण त्याच्या घरी कुराण अगदी तशाच चौकटीवर असतं. त्याला रेहल म्हणतात. पाच सदतीसला वर्ष बदललं तेव्हा हॉलमध्ये मी, आई आणि तो, तिघंच होतो.

अण्णा पुढे तीन आठवडे त्याच्याशी बोलले नाहीत. त्याला काढा असंही म्हणाले नाहीत, कारण आईनं एकदाच सांगितलं होतं, "भाडं वेळेवर देतो, आल्यागेल्याला पाणी विचारतो, माझी औषधं आणतो. तुम्हाला काढायचा तर तुम्ही सांगा त्याला, मी नाही सांगणार." अण्णांकडून सांगवलं गेलं नाही. पण माझ्याकडे कुरकुरायचे की खोटं बोलला, फसवलं.

म्हणून मी वर जाऊन त्याला विचारलं. त्याचं उत्तर ऐका. "मी खोटं बोललो नाही. मी पारसीच आहे." म्हणजे कसं, तर अरबीत 'प' नाही. आमच्या प्रांताचं नाव पार्स, भाषेचं नाव पारसी. अरबांच्या तोंडी पार्सचं फार्स झालं, पारसीचं फारसी. आम्ही भाषा वाचवली, पण तिच्या नावातलं पहिलं अक्षर गेलं, आणि गंमत म्हणजे आता आम्ही स्वतःच तिला फारसी म्हणतो. तुमच्या मुंबईच्या लोकांनी ते अक्षर जपलं. मी फक्त ते परत घेतलं.

उत्तर हुशारीचं होतं. पण मग थोड्या वेळानं, चेहरा दुसरीकडे करून म्हणाला, "तुमच्याआधी दोन घरांनी नाही म्हटलं होतं."

यावर मी काय बोलणार होतो? काहीच बोललो नाही.

त्या तीन आठवड्यांत मी त्याच्या खोलीत जास्त बसू लागलो. नौरोजनंतर तेराव्या दिवशी इराणी लोक घराबाहेर, हिरवळीवर दिवस घालवतात आणि ते गव्हाचे कोंब वाहत्या पाण्यात सोडतात. मुठेत वाहतं पाणी कुठलं शोधायचं, म्हणून आम्ही माझ्या बाइकवरून खडकवासल्याला गेलो. कणीस खाता खाता त्यानं मला त्यांच्या महिन्यांची नावं सांगितली. फर्वर्दीन, उर्दिबेहेश्त, खोर्दाद, तीर, मोर्दाद, शहरीवर, मेहर, आबान, आजर, दै, बहमन, इस्फंद. ही सगळी जरथुष्ट्री नावं आहेत, देवदूतांची, फरिश्त्यांची. मुंबईच्या पारशांच्या कॅलेंडरात थोड्या फरकानं हीच आहेत. इराणात 1925 मध्ये ती सरकारी झाली, आणि 1979 मध्ये इस्लामी क्रांती झाल्यावरही ती तशीच राहिली. म्हणजे विचार करा, इस्लामी प्रजासत्ताकाच्या प्रत्येक फतव्यावर, प्रत्येक कोर्टाच्या निकालावर तारीख पडते ती एका जरथुष्ट्री फरिश्त्याच्या नावानं. मधे 1976 मध्ये शहानं वर्षांची गणना बदलून सायरसपासून मोजायला लावली, तर 1354 नंतर एकदम 2535 आलं. लोक वैतागले आणि दोन वर्षांत ते मागे घ्यावं लागलं. महिन्यांना मात्र कुणी हात लावला नाही.

यातल्या मोर्दादची गोष्ट मला फार आवडली. मूळ शब्द अमरदाद. अवेस्तातलं अमेरेतात, म्हणजे आपलं अमृतत्व. बोलता बोलता पुढचा 'अ' झिजून गेला आणि अमरत्वाच्या महिन्याच्या नावात मरण येऊन बसलं. काही चोखंदळ इराणी अजून हट्टानं 'अमोर्दाद' म्हणतात. आणखी गंमत म्हणजे नमाज. अरबीत नमाजला सलात म्हणतात. नमाज हा जुना इराणी शब्द, आपल्या 'नमस्'चा भाऊ. रोजा, पैगंबर, खुदा हेही अरबी नाहीत. बहिश्त तर अवेस्तातलं 'वहिश्त', म्हणजे उत्तम, आपला वसिष्ठ. इराणी माणूस मुसलमान झाला तो आपले जुने शब्द बरोबर घेऊनच, आणि तेच शब्द पुढे हिंदुस्तानातल्या मशिदींपर्यंत आले. आपण रोज वापरतो तो 'शहर' शब्दसुद्धा मुळात 'क्षत्र'चा भाऊ.

हे सगळं मी घरी येऊन जेवताना मोठ्यानं आईला सांगायचो. अण्णा ताटात बघून जेवायचे, पण ऐकत असायचे. 'वसिष्ठ' आला त्या दिवशी त्यांनी न राहवून विचारलं, "कुठल्या शब्दाचा?" मी म्हटलं, वर जाऊन विचारा. दुसऱ्या दिवशी गेले. मग पुन्हा सुरू झालं, पण पहिल्यासारखी मान डोलवणं नव्हतं. आता वाद व्हायचे, आणि मला वाटतं ते बरं होतं.

2008 च्या एप्रिलमध्ये त्याची आई आली, शिराझहून. डोक्यावर रुमाल घट्ट बांधलेला, पाचही नमाज चुकवायची नाही, आणि शाहनाम्यातली पानंच्या पानं पाठ. आमच्या आईची आणि तिची एका शब्दाची ओळख नसताना दोघी स्वयंपाकघरात तासन्‌तास असायच्या. मुलाच्या तोंडून आम्ही अरबांना दिलेल्या शिव्या ऐकल्या होत्या. त्या बाईला ते अजिबात आवडलं नाही. ती म्हणाली, फिरदौसी मुसलमान होता. सामानी मुसलमान होते. ज्यांनी हे सगळं जपलं ते जवळपास सगळे मुसलमानच होते, मग जपलं कुणापासून? आणि आमच्या इमामांची आई शहरबानू ही यज्दगर्दचीच मुलगी. (इतिहासकार हे मानत नाहीत. पण तेहरानजवळ रय इथे शहरबानूचं स्थान आहे. हरलेल्या राजाची लेक जिंकणाऱ्यांच्या घरात आई होऊन बसली, ही गोष्ट लोकांना किती शतकं पुरली असेल!)

सायरसच्या कबरीचंही तिनं सांगितलं. पासारगादमधली ती दगडी कबर सायरसची आहे हे लोक विसरून गेले होते. ते तिला सुलेमान पैगंबराच्या आईची कबर म्हणायचे. आत भिंतीवर मक्केच्या दिशेचा मिहराब कोरलेला आहे. बायका नवस बोलायला यायच्या. नाव चुकीचं होतं म्हणून कबर वाचली. पर्सेपोलिसला ते लोक तख्त-ए-जमशीद म्हणतात, जमशीद म्हणजे शाहनाम्यातला राजा. क्रांतीनंतर ते बुलडोझरनं पाडायला एक मौलवी निघाले होते आणि तिथल्याच लोकांनी आणि अधिकाऱ्यांनी त्यांना अडवलं, असं सांगतात.

पण हेही सांगायला हवं, की ज्यांनी खरोखर जुना धर्मच धरून ठेवला त्यांचे हाल झाले. यज्द-किरमानच्या जरथुष्ट्र्यांना जिझिया द्यावा लागे, घोड्यावर बसायची मनाई, कपड्यांचे रंगसुद्धा ठरलेले. 1854 मध्ये मुंबईच्या पारशांनी मानेकजी लिमजी हातारिया यांना तिकडे धाडलं, आणि त्यांच्या खटपटीनं 1882 मध्ये जिझिया रद्द झाला. आज संसदेत त्यांना एक जागा आहे. तरी 2017 मध्ये यज्दच्या नगरपालिकेत निवडून आलेल्या सेपंता निकनाम यांना केवळ जरथुष्ट्री म्हणून निलंबित केलं होतं. 2018 मध्ये परत घेतलं. हे मी त्या माउलीला तेव्हा विचारू शकलो नाही, कारण हे नंतरचं. पण जिझियाचं विचारलं होतं. ती म्हणाली, "ते पाप होतं," आणि पुढे काही बोलली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी अण्णांनी तिला त्यांचा ठेवणीतला प्रश्न विचारला. तुम्ही आधी इराणी की आधी मुसलमान? मुलानं भाषांतर केलं. तिला कळलं नाही. त्यानं पुन्हा वेगळं करून सांगितलं. ती बराच वेळ विचार करून म्हणाली, "मी शिराझची."

अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुण्याच्या माणसाला याहून पटणारं उत्तर कोण देणार! त्या दिवसापासून त्या मुलाचं नाव शेवटपर्यंत 'शिराझकर' राहिलं. "शिराझकर, चहा घेणार का?"

अण्णा 2019 मध्ये गेले. 'दोन घरांनी नाही म्हटलं होतं' हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांनीही तीन आठवड्यांच्या अबोल्याबद्दल त्याला कधी काही म्हटलं नाही. शिराझकर आता कॅनडात असतो, त्याला मुलगी आहे. अरबांविषयी तो पूर्वीसारखं बोलत नाही. त्याच्या शेजारी एक इराकी कुटुंब आहे, एवढंच कारण त्यानं सांगितलं.

आईच्या फोननंतर मी त्याला मेसेज टाकला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, आई ठीक आहे, गाव सोडून बहिणीकडे गेली होती, परत आली. नोव्हेंबरमध्ये त्यानं एक फोटो पाठवला. तेहरानच्या इन्किलाब चौकात सरकारनं पुतळा उभा केला होता. घोड्यावर सासानी बादशहा शापूर आणि समोर गुडघ्यावर रोमन सम्राट व्हॅलेरियन. ज्या राज्यकर्त्यांना वर्षानुवर्षं या राजांची नावं नकोशी होती, त्यांना अडचणीच्या वेळी तेच आठवले. फोटोखाली त्यानं लिहिलं होतं, "अण्णा असते तर काय म्हणाले असते?"

मला माहीत आहे काय म्हणाले असते, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही :)

आई अजून मार्चमध्ये एका ताटलीत गहू उगवते. नवरात्रात उगवते ते वेगळे आणि हे वेगळे. मागच्या खेपेला घरी गेलो तेव्हा ती लाकडी चौकट बघितली. एक बाजू थोडी सैल झाली आहे. सुताराला दाखवायला हवी.